चढाचा गिअर

आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. मुळाक्षरं मी पाटीवर गिरवली, पण वाचायला शिकले ती पत्रकांवर. अण्णा, म्हणजे माझे वडील, कल्याणच्या एका शाळेत शिकवत आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहीत. चळवळीच्या दिवसांत त्यांचे गठ्ठे माझ्या गादीखाली असत. पोलीस आले की मी आजारी पडायचं आणि डोळे मिटून घ्यायचे, हे मला सांगावं लागत नसे. पुढे स्वातंत्र्य आलं, गठ्ठे गेले, गादी खाली बसली आणि मला कितीतरी रात्री नीट झोप लागेना.

स्वातंत्र्यानंतरही अण्णांची पत्रकं थांबली नाहीत. गटारं, भेसळ, हुंडा, स्वदेशी, काहीही असो, एका बाजूला छापलेला पातळ कागद आणि खाली त्यांचं नाव. घरात एकच कायदा होता. आपल्या नावाखाली जे छापलं जातं ते आपण जगायचं. या कायद्याचा जाच मी पुष्कळ सोसला आहे, पण तो चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. उलट, जे लोक छापतात एक आणि जगतात दुसरं, त्यांच्याशी माझं अजून जमत नाही.

मॅट्रिक झाल्यावर मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. विषय मुलींचं शिक्षण. भाषा अशी की कागदाला हात लावला तर चटका बसावा. विठ्ठलवाडीच्या पुढे, डोंगराच्या दिशेला जाणाऱ्या रस्त्यावर आगरी लोकांचं एक गाव होतं. तिथे मी ते घरोघर वाटलं. गावचे पाटील ओट्यावर विडी ओढत बसले होते. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि मलाच वाचून दाखवायला सांगितला. मी उभ्याने, हातवारे करत वाचला.

"बेस हाय," ते म्हणाले. "पन कागद वाटाला सोपा हाय गो बाय. पोरींना शिकवल कोन? तू येशील?"

"येईन."

"रोज?"

"रोज."

"बग हां. आमच्या पोरी सकाली मोकल्या. सूर्य त्या आंब्याच्या वर आयला का गवताला जातान. तवर काय शिकवशील ते शिकव."

मी हो म्हणून घरी आले. आपण नक्की कशाला हो म्हटलं ते रस्त्यात उमगलं. आमच्या घरापासून ते गाव इतकं लांब की पायी गेलं तर वर्गाची वेळ वाटेतच संपावी. त्या बाजूला गाडी जात नव्हती. सायकल चालवायला मी चुलत भावाच्या सायकलवर शिकले होते, पण गावाच्या अलीकडे एक लांबलचक चढ होता आणि त्यावर साधी सायकल म्हणजे हातात धरून चालवायची वस्तू.

तेव्हा मामा मदतीला आला. आईचा हा धाकटा भाऊ खडवलीला रेल्वेत होता आणि जगातल्या सगळ्या यंत्रांवर त्याचं प्रेम होतं. लढाईच्या काळात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. लढाई संपल्यावर तिथलं सामान निघालं, त्यात गोऱ्या नर्सबाईंच्या सायकलीही निघाल्या. त्यातली एक मामाने कुणाकडून तरी मिळवली आणि एका रविवारी आमच्या दारात उभी केली. काळी, उंच, मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी. मागच्या चाकाच्या मध्यावर, जिथे साध्या सायकलीला बारीक नळी असते, तिथे चांगला जाडजूड गोल डबा होता. आसाच्या भोकातून एक इवलीशी साखळी निघून तारेला जोडली होती आणि ती तार हँडलवरच्या खटक्याला.

"तीन गिअर," मामा म्हणाला. "हा उताराचा, हा सपाटीचा आणि हा चढाचा. सगळी दातेरी चाकं या डब्याच्या पोटात. बाहेर काही नाही. पाऊस नको, चिखल नको. दर आठवड्याला या झाकणातून चार थेंब तेल घालायचं, की आयुष्यभर उघडून बघायला नको."

अण्णा लांबूनच बघत होते. "कुठली आहे ही?"

"भावजी, विचारताय कशाला? दिसतंय की."

"विलायती वस्तू या घरात येणार नाही."

"अहो, लढाई संपली. ही बिचारी शरण आलेली आहे. कैद्याला काय जिवे मारायचं?"

अण्णा हसले नाहीत. त्यांचा आक्षेप नुसता विलायती असण्यावर नव्हता. "जे यंत्र उघडून बघता येत नाही, गावातल्या माणसाला दुरुस्त करता येत नाही, त्यावर विसंबायचं म्हणजे पुन्हा गुलामी," ते म्हणाले.

मी त्यांचीच मुलगी. मी म्हटलं, "तुमचं खिशातलं घड्याळ तुम्ही कधी उघडून बघितलंय?"

"घड्याळ मला भर चढावर टाकून देत नाही."

वाद वाढला. मामाने चहा मागितला. शेवटी आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "तिनं पाटलांना शब्द दिलाय. शब्द तरी स्वदेशी आहे ना? मग तो मोडू द्यायचा का?"

अण्णांनी सायकलीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "ठीक आहे. पण तिला जे काही लागेल ते इथलं. तेलाचं मी बघतो."

आणि त्यांनी खरोखरच बघितलं. एकदा जबाबदारी घेतली की अण्णा ती पूजेसारखी पार पाडत. मामाने सायकलीसोबत तेलाचा एक परदेशी डबा आणला होता, तो त्यांनी त्याच पावली त्याला परत दिला. दर रविवारी सकाळी ते घरातली खोबरेलाची बाटली घेऊन अंगणात बसत, डब्याचं चिमुकलं झाकण नखाने उचलत आणि चमच्याच्या टोकाने मोजून थेंब सोडत. दसऱ्याला त्यांनी हँडलला झेंडूची माळ घातली आणि त्या डब्यालाही हळदकुंकू लावलं. आई म्हणाली, "शत्रूची एवढी बडदास्त?" अण्णा म्हणाले, "आता ती आपलं तेल पिते."

मी वर्ग सुरू केला होता. गावातल्या शाळेची एकच खोली, आणि मुलग्यांची शाळा भरायच्या आधी ती आम्हाला मिळे. पहिल्या दिवशी ओट्यावर आलेल्या मुली एकमेकींच्या पदराआड तोंड लपवून हसत होत्या. त्यांना माझ्यापेक्षा माझी सायकल बघायची होती. ती चालताना टिकटिक करायची, आतल्या दातेरी चाकांचा आवाज असावा तो, आणि मुली लांबूनच "आयली, आयली" करत पळत यायच्या. फक्त चढाचा गिअर टाकला की ती गप्प व्हायची. सपाटीवर बडबड आणि चढावर मौन. मला तिचा हा स्वभाव फार आवडायचा. माणसं नेमकी उलट असतात.

आश्विन गेला, कार्तिक गेला. सायकलीने एकदाही कुरकुर केली नाही. चढ मी बसल्या बसल्या चढत होते. बैलगाडीवाले बाजूला होऊन बघत आणि काहीतरी बोलत, ते मी ऐकून घेत नसे. मुली बाराखडीपर्यंत आल्या. अण्णा इतके खूश झाले की त्यांनी एक नवं पत्रक लिहून छापायला दिलं. त्यात एक वाक्य होतं: 'परक्या यंत्रालाही आपल्या मातीतल्या तेलावर चालवता येते, याचा पुरावा आमच्या अंगणात उभा आहे.' गठ्ठा घरी आला. तो संक्रांतीच्या गर्दीत, लोक एकमेकांकडे तिळगूळ घेऊन जातात तेव्हा वाटायचा असं ठरलं.

मग थंडी पडली.

एका सकाळी विठ्ठलवाडीच्या अलीकडेच पायडल एकदम रिकामं फिरलं. माझा पाय सटकला, गुडघा हँडलवर आपटला आणि मी पडता पडता वाचले. पुन्हा बसले. दोन फेऱ्या धरल्यासारखं झालं, पुन्हा रिकामं. पाय मारतेय, साखळी फिरतेय, पण चाकाला पत्ता नाही. एखाद्याला ओरडून हाक मारावी आणि त्याने बहिऱ्याचं सोंग घ्यावं तसं. जुन्या लष्करी छावणीत आता फाळणीनंतर आलेले निर्वासित राहत, त्यांच्या बराकींवरून सायकल ढकलत गेले तेव्हा तिथल्या बायका पापड वाळत घालत होत्या. त्यांनी माझ्याकडे आणि सायकलीकडे आळीपाळीने पाहिलं.

मी पोचले तेव्हा मुली निघून गेल्या होत्या. परत येताना सायकल अशी चालली की जणू काही झालंच नव्हतं. टिकटिक करत, वाऱ्यासारखी.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. सकाळी दगा, दुपारी इमान. मला वाटायला लागलं की सायकलीला माझा वर्ग नको आहे. एवढं मूर्खासारखं मी एरवी कशाबद्दलच विचार केला नसता, पण थंडीत अंधारातून सायकल ढकलत निघालेल्या माणसाला काहीही सुचतं.

शाळेतून परतताना मी ती बराकींजवळच्या सायकलवाल्याकडे नेली. तो सिंधी होता, नुकतंच दुकान थाटलं होतं. त्याने सायकल उचलली, चाक फिरवलं, बसून रस्त्याच्या टोकापर्यंत गेला, तिन्ही गिअर बदलले आणि परत आला.

"क्या हुआ इसको?"

"सुबह में पायडल खाली फिरता है."

"सुबह में?" त्याने डोळे बारीक केले. "और दोपहर में नहीं? बहनजी, ये सायकल है, तांगे का घोड़ा नहीं. इसको क्या मालूम सुबह है के दोपहर?"

बाजूला उभे असलेले दोघे-तिघे हसले. मीही हसले.

"आप बोलो तो ये डब्बा निकाल देता हूं," तो म्हणाला. "सादा चाक डालो, झंझट खतम."

साधं चाक म्हणजे चढ पायी. मी नको म्हणून निघाले.

घरी मी गप्प होते, पण सुजलेला गुडघा गप्प राहिना. अण्णांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांना आनंद झाला असं मी म्हणणार नाही. मुलीचा गुडघा बघून आनंदणारे ते नव्हते. पण त्यांच्या आवाजात एक समाधान होतं, आणि तेच मला गुडघ्यापेक्षा जास्त लागलं.

"मी म्हटलं होतं. बंद डबा. आत काय झिजलंय, काय तुटलंय, कुणाला कळणार? विसंबायला नको होतं."

"झिजलं असतं तर दुपारी कसं चालतं?"

"दग्याला वेळकाळ नसतो."

"आहे ना! सकाळची वेळ आहे!"

"मग सकाळी लवकर निघ," आई मध्ये पडून म्हणाली. "चालत जायला लागलं तरी पोचशील."

म्हणून दुसऱ्या दिवशी मी आणखी अंधारात, आणखी थंडीत निघाले. आणि काय सांगू, त्या दिवशी सायकलीने एक फेरीसुद्धा धरली नाही. घरापासून गावापर्यंत ती मी ओढत नेली. जितकी लवकर निघावी तितकी ती जास्त बिघडलेली. वर्गात उशीर झालाच.

पाटील शाळेच्या पायरीवर उभे होते. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला भीती वाटली.

"बाय, चार दिस झाले. पोरी येतान, वाट बगतान, मंग त्यांच्या आया वरडतान. गवत कापनीचा येल, हाताला मानूस नाय. तुजा शबूद हाय म्हनून मी गप हाय. पन गाव गप बसनार नाय."

"सायकल बिघडलीय. दुरुस्त करते."

"कर. सोमवारी मी हितंच बसतंव. सूर्य आंब्याच्या वर यायच्या आगोदर वर्ग बसला तं बसला. नाय तं पोरी सकालपासून गवताला जातील, नि तू आपली कागद वाटीत बस. आमी ते वाचून घेऊ कोनाकडून तरी."

ते शेवटचं वाक्य त्यांनी टोमणा म्हणून मारलं की साधेपणाने, मला माहीत नाही. पण मला घरी जाईपर्यंत तेच ऐकू येत होतं. माझ्या नावाखाली छापलेल्या कागदाचं काय होणार होतं ते आता सोमवारवर होतं. आणि माझ्यापेक्षा त्या मुलींचं. त्यांतल्या एकीला नुकतंच स्वतःचं नाव लिहिता यायला लागलं होतं आणि ती ते दिसेल तिथे, शेणाने सारवलेल्या भिंतीवरसुद्धा, बोटाने लिहीत सुटली होती.

रविवार उजाडला. मी अंगणात सायकलीसमोर बसले होते. डबा उघडायचा तर हत्यारं नाहीत, आणि उघडून काय बघायचं तेही ठाऊक नाही. मामा येणार होता, त्याची वाट बघत होते. चाक हाताने फिरवलं. ते मुकाट फिरलं. त्याची टिकटिक नव्हती. आठवून पाहिलं तेव्हा ध्यानात आलं की गेल्या चार दिवसांत सकाळी निघताना मी ती ऐकलीच नव्हती.

एवढ्यात अण्णा बाहेर आले. रविवार होता, त्यांचं काम चुकणार नव्हतं. मुलीशी मतभेद असला तरी तेल घालायचंच. त्यांच्या हातात खोबरेलाची बाटली होती. ती त्यांनी नेहमीप्रमाणे कठड्यावर, जिथे ऊन आधी येतं तिथे ठेवली, आणि पंचा गुंडाळून शेजारी वाट बघत बसले.

बाटलीत पांढराशुभ्र दगड होता.

आमच्याकडे थंडीत प्रत्येक घराच्या कठड्यावर अशी बाटली दिसते. केस विंचरायचे असले की आधी ती उन्हात ठेवायची, कडेने पाणी सुटायला लागलं की पळीभर काढून घ्यायचं. जन्मल्यापासून मी ते बघत आलेय. अण्णाही. गेले दोन-तीन रविवार ते याच बाटलीच्या शेजारी बसून ती वितळायची वाट बघत होते आणि वितळली की मोठ्या काळजीने सायकलीच्या पोटात सोडत होते.

"अण्णा," मी म्हटलं, "हे तेल आत गेल्यावर कुठे जातं?"

"जिथे जायला हवं तिथे. यंत्रात."

"आणि रात्री?"

"रात्री काय?"

मी बाटली उचलली आणि उलटी धरली. थेंबही पडला नाही.

अण्णांनी बाटलीकडे पाहिलं. मग डब्याकडे. मग पुन्हा बाटलीकडे. शेवटी ते इतक्या हळू बोलले की ते स्वतःशीच बोलले असावेत: "दुपारी ऊन लागतं."

"शाळेच्या भिंतीला टेकवून ठेवते ना मी ती. पूर्वेची भिंत."

मला हसू फुटलं, मग डोळ्यांत पाणी आलं, आणि कशासाठी ते ठरवायच्या भानगडीत मी पडले नाही. काही तुटलं नव्हतं. काही झिजलं नव्हतं. त्या डब्याने कुणालाही दगा दिला नव्हता. त्याच्या पोटात आम्ही हिवाळा भरून ठेवला होता आणि तो बिचारा रोज दुपारपर्यंत उन्हाची वाट बघत होता.

मामा आला आणि ऐकून त्याने कपाळावर हात मारून घेतला. "खोबरेल? भावजी, तिला काय अंबाडा घालायचा होता?"

"तू नुसतं तेल म्हणालास," अण्णा म्हणाले.

"डबाही आणला होता की सोबत!"

यावर अण्णांनी सबब शोधली नाही, सरळ उठून फडकं आणलं. अण्णांची हीच गोष्ट मला पत्रकांपेक्षा मोठी वाटते.

आम्ही सायकल उलटी करून उन्हात ठेवली. झाकणातून घासलेट सोडलं आणि चाक फिरवत राहिलो. आसाच्या दोन्ही बाजूंनी लोण्यासारखे पांढरट गोळे बाहेर येऊ लागले, मग काळसर पाणी, मग नुसतं घासलेट. मामा चाक फिरवायचा, मी ओतायचे, अण्णा फडक्याने पुसायचे. आणि मग, कधी ते कळलंच नाही, ती टिकटिक सुरू झाली. बारीक, स्वच्छ. मामा म्हणाला, "ऐका, बोलायला लागली. चाकाला धरणाऱ्या आतल्या जिभा तेलात थिजून बसल्या होत्या."

"पण आता घालायचं काय?" मी विचारलं. परदेशी डबा मामाने खडवलीला नेला होता. दुकानं रविवारची बंद. सोमवार उद्यावर आलेला.

आई आत गेली आणि आपल्या शिवणाच्या मशीनच्या खणातून एक लहानशी लांब नाकाची बाटली घेऊन आली.

"हे घाला. थंडीत माझं मशीन कधी अडलं नाही."

अण्णांनी बाटली हातात घेतली. "हे तेल कुठलं?"

"वाचून दाखवू काय लिहिलंय?"

"नको."

"इतकी वर्षं मी मशीनला काय खोबरेल घालते असं वाटत होतं तुम्हाला? तुमचे खादीचे सगळे सदरे याच तेलावर शिवलेत."

मामा वळून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. अण्णांनी अंगातल्या सदऱ्याकडे एकदा पाहिलं, मग खाली बसले आणि झाकण नखाने उचलून, नेहमीच्याच काळजीने, मोजून थेंब सोडले.

सोमवारी मी नेहमीच्या वेळेला निघाले. थंडी इतकी होती की हँडल हाताला चावत होतं. अण्णा दारात उभे होते. मी सायकल पायरीवरून खाली उतरवली आणि दोघांनीही एकदम कान दिला. टिक, टिक, टिक. त्यांनी मान हलवली आणि आत गेले.

सपाटीवर ती बडबडत चालली. बराकींपाशी सायकलवाला दुकानाच्या फळ्या काढत होता. मी घंटी वाजवली. "अरे, सुबह है!" तो ओरडला. मी थांबले नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गवतावर दंव होतं आणि डोंगर अजून निळाच होता. चढाच्या पायथ्याशी आले. खरं सांगायचं तर मला पटलेलं कारण आणि माझा गुडघा यांचं अजून एकमत झालं नव्हतं. मी खटका दाबला. सायकल गप्प झाली.

या शांततेलाच मी घाबरत होते, कारण बिघडलेली सायकलही गप्पच असायची. मी पायावर भार दिला. पायडल खाली गेलं आणि चाक त्याच्याबरोबर फिरलं. पुन्हा भार दिला, पुन्हा फिरलं. हलकं, सावकाश, पण प्रत्येक वेळी. असं कुणी आपलं ऐकतं तेव्हा माणसाने आणखी काय मागावं? अर्ध्या चढावर मी मोठ्याने बोलायला लागले, काय ते आता आठवत नाही. एका गाडीवानाने बैल थांबवून बघितलं.

पाटील सांगितल्याप्रमाणे पायरीवर बसले होते. विडी विझलेली. मुली आंब्याखाली दाटीवाटीने उभ्या, आणि सूर्य अजून आंब्याच्या मागे, फांद्यांत.

"आयली!" मुली ओरडल्या.

पाटलांनी आधी सूर्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आज वाटंत बसली नाय वाटतं तुजी सायकल?"

"नाही. तिचं दुखणं कळलं."

"काय व्हतं?"

"थंडी."

ते हसले. "मंग आमच्यासारखीच हाय की. तिला आंगार दाखवाचा." आणि मुलींकडे वळून म्हणाले, "काय बगताव? बसा आत! बाय एवढा चढ चढून आयली."

मुली आत गेल्या. पाटील उठले नाहीत. पहिली ओळ लिहून होईपर्यंत त्यांची पाठ मला दारातून दिसत होती. मग कधी तरी ती दिसेनाशी झाली आणि थोड्या वेळाने त्यांची नात दार ढकलून आत आली. ती आजवर कधी वर्गात आली नव्हती. कोपऱ्यात जागा करून बसली आणि म्हणाली, "आज्यानी धाडलं."

त्या आठवड्यात संक्रांत होती. पत्रकं वाटायची होती. अण्णांनी गठ्ठा सोडला, एक कागद काढून वाचला, पुन्हा ठेवला. त्यांच्या नावाखाली एक खोटं वाक्य छापलेलं होतं आणि घरातला कायदा त्यांना सूट देत नव्हता. त्यांनी तो गठ्ठा सुतळीने बांधून माझ्या सायकलीच्या मागच्या कॅरिअरवर ठेवला.

"मुलींना लिहायला कागद कमी पडतो म्हणतेस ना? मागची बाजू कोरी आहे."

मुलींनी मागच्या बाजूवर महिनाभर लिहिलं. आपली नावं, गावाची नावं, आंबा, गवत, विळा. पण मुलींना कागदाची एकच बाजू पुरत नाही, हे मला तरी ठाऊक असायला हवं होतं. एके सकाळी पाटलांच्या नातीने कागद उलटा केला आणि छापलेल्या ओळीवर बोट ठेवून एकेक अक्षर जोडत वाचायला लागली. कुणी न सांगता. यंत्र, तेल, पुरावा, अंगण. सगळं वाक्य तिने ओढत ओढत शेवटापर्यंत नेलं, आणि मान वर करून विचारलं, "बाय, ह्ये खरं हाय?"

सायकल बाहेर भिंतीला टेकून उन्हात उभी होती.

"उन्हाळ्यात खरं आहे," मी म्हटलं. "पुढची ओळ वाच."